भाकरीचे माप कोणाच्या हाती?



'आहार सल्लागाराकडे जाताना' हा माझ्या भाषणाचा विषय जाहीर झाला, तेव्हा आमच्या रहाटणीतील एका जुन्या सहकाऱ्याने मला कोकणे चौकात अडवून विचारले, "युनियन सोडून हे कोठले नवे दुकान काढलेस?" त्याचा प्रश्न रास्त होता. ज्याची हयात दारसभा घेण्यात आणि पगारवाढीच्या करारांचे मसुदे लिहिण्यात गेली, त्याने वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून लोकांना भाकरी किती खावी हे का सांगावे? मी वैद्य नव्हे. माझी शाळा दहावीला सुटली. पुढे जे काही शिकलो ते युनियनच्या कचेरीतील कपाटातली पुस्तके आणि न्यायालयांचे निकाल वाचून. परंतु त्या वाचनात एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. कष्टकऱ्याने किती खावे, हा प्रश्न आपल्याकडे वैद्याने विचारण्यापूर्वी धान्य मोजून देणाऱ्याने विचारला. म्हणून त्या प्रश्नाचा इतिहास कामगारांत वावरणाऱ्या माणसाने सांगितला, तर ती आगळीक होणार नाही, असे मला वाटते.

माझे आजोबा सालगडी होते. वर्षाच्या बोलीत थोडे पैसे आणि बाकी ज्वारी. ती पायलीने मोजली जाई. आजोबा सांगत की, मालक उसने दिलेले धान्य परत घेताना माप शिगोशीग भरून घेई आणि मजुरी देताना तळहाताने शीग उतरवून देई. पायली तीच, धान्य तेच. फरक फक्त हाताचा. 'मापात पाप' हा वाक्प्रचार मी पुस्तकात नव्हे, तर आजोबांच्या तोंडून शिकलो. आज जो मजकूर मी आपल्यापुढे मांडणार आहे तो या शिगेचाच आहे.

प्रथम दीडशे वर्षे मागे जाऊ. १८७६ साली दख्खनेत पाऊस गेला आणि मोठा दुष्काळ पडला. सरकारने खडी फोडण्याची, तळी खणण्याची कामे काढली. त्यावेळी हिंदुस्थान सरकारचे दुष्काळ प्रतिनिधी म्हणून सर रिचर्ड टेंपल दौऱ्यावर निघाले आणि जानेवारी १८७७ मध्ये त्यांनी मजुराचे रोजचे धान्य दीड पौंडावरून एक पौंडावर आणण्याचा सल्ला दिला. वर फक्त अर्धा आणा. एक पौंड म्हणजे साडेचारशे ग्रॅम. दिवसभर पहार चालविणाऱ्या माणसाने एवढ्यावर जगावे, असा हा प्रयोग होता. मद्रासचे आरोग्य आयुक्त डॉ. कॉर्निश यांनी त्याला कडाडून विरोध केला. एवढ्या धान्यात अंगमेहनत करणारा देह टिकत नाही, हे त्यांनी वैद्यकीय आधाराने मांडले. आपल्या मुंबई इलाख्यात हे माप लागू झाले तेव्हा हजारो मजुरांनी हातातली कुदळ टाकून कामावरून पाय काढला, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. आमच्या चळवळीचा इतिहास लिहिणारे बहुधा गिरण्यांपासून प्रारंभ करतात. मला मात्र वाटते की, आहाराच्या मापावरून झालेल्या या संपालाही त्यात मानाचे पान मिळाले पाहिजे.

टेंपलसाहेबांना मी त्या काळचा आहार सल्लागार म्हणतो ते थट्टेने नव्हे. किती खाल्ले म्हणजे पुरे, हे तेही सांगतच होते. प्रश्न एवढाच की, ते सल्ला कोणाला देत होते? भुकेल्याला नव्हे, खजिन्याला देत होते.

तीच पट्टी दुसऱ्या हाती गेली की काय होते, हे दादाभाई नौरोजींनी दाखवून दिले. १८७६ साली मुंबईत वाचलेल्या हिंदुस्थानच्या दारिद्र्यावरील निबंधात त्यांनी देशाचे दरडोई वार्षिक उत्पन्न २० रुपये धरले, आणि त्याच्याशेजारी दोन खर्च मांडले. एक, परदेशी जाणाऱ्या गिरमिटिया मजुरासाठी जहाजावर ठरवून दिलेल्या शिध्याचा. दुसरा, तुरुंगातील कैद्याच्या अन्नवस्त्राचा. हिशेबाअंती दिसले की, कैद्याला जेवढे मिळते तेवढेही साध्या रयतेच्या वाट्याला येत नाही. दादाभाईंनी नवे माप शोधले नाही. सरकारचेच माप उचलले आणि सरकारपुढे धरले.

पुढे १९२१ साली मुंबई सरकारने कामगार कचेरी स्थापन केली. तिचे प्रमुख फिंडले शिरास यांनी मुंबईतील कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी करून १९२३ साली अहवाल छापला. त्यातील निष्कर्ष असा की, औद्योगिक कामगार धान्य खातो ते दुष्काळ संहितेत मजुराला दिलेल्या कमाल मापाइतके, पण मुंबईच्या तुरुंग नियमावलीत कैद्याला ठरवून दिलेल्या आहारापेक्षा कमी. श्रोतेहो, हे कोणा जहाल पुढाऱ्याचे भाषण नव्हे. सरकारी अहवाल आहे.

एवढा वेळ केवळ धान्याचे वजन चालले होते. त्या अन्नात काय आहे, हे पाहणारे शास्त्र दक्षिणेत कुन्नूर येथे वाढत होते. १९१८ साली रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी बेरीबेरी या रोगाच्या शोधासाठी तेथे एक लहानशी प्रयोगशाळा थाटली. हीच संस्था पुढे हैदराबादला गेली आणि आज राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून प्रसिद्ध आहे. मॅकॅरिसन यांनी हिंदुस्थानातील निरनिराळ्या प्रांतांचे जेवण उंदरांना घालून त्यांची वाढ मोजली. गहू, दूध, डाळ आणि भाजी असलेल्या शिखांच्या जेवणावरचे उंदीर पहिले आले, पठाणी जेवणावरचे दुसरे, आणि आपल्या मराठ्यांच्या जेवणावरचे तिसरे. सडलेल्या पांढऱ्या तांदळावर भर असलेले जेवण शेवटी राहिले. पोट भरणे आणि पोषण होणे या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हे त्या मुक्या जीवांनी सिद्ध केले.

त्यानंतर तेथे संचालक झालेल्या डॉ. अॅक्रॉइड यांनी १९३७ साली हिंदी खाद्यपदार्थांच्या पोषणमूल्यांची पुस्तिका काढली. तिने आम्हा कामगारांचे पुढचे सारे भांडण घडविले. जुलै १९५७ मध्ये दिल्लीस पंधरावी भारतीय श्रम परिषद भरली. गुलझारीलाल नंदा श्रममंत्री होते. सरकार, मालक आणि कामगार अशा तिघांनी मिळून तेथे गरजेवर आधारलेल्या किमान वेतनाचे सूत्र मान्य केले. एका कमावत्यामागे तीन खाणारी माणसे धरावीत, मध्यम श्रम करणाऱ्या प्रौढाला अॅक्रॉइड यांच्या शिफारशीप्रमाणे अन्न मिळावे, चौघांच्या कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडे, आणि जळण, दिवाबत्ती व किरकोळ खर्चापोटी २० टक्के. अॅक्रॉइड यांची शिफारस म्हणजे व्यवहारात दिवसाला २,७०० कॅलरी. कॅलरी म्हणजे अन्नातून शरीराला मिळणाऱ्या उष्णतेचे माप. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने रेप्टाकॉस ब्रेटच्या खटल्यात मुलांचे शिक्षण, औषधोपचार, सणवार आणि म्हातारपण यांसाठी आणखी २५ टक्क्यांची भर घातली. २०१९ च्या वेतन संहितेखाली २०२० साली जे मसुदा नियम निघाले, त्यांतही २,७०० चा आकडा कायम होता.

हा आकडा मला तोंडपाठ आहे. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ आले, आणि पवनेच्या काठच्या ज्वारीच्या रानांत यंत्रे घरघरू लागली. तेथपासून चाकणपर्यंत जेथे जेथे मी वाटाघाटीला बसलो, तेथे फायलीच्या पहिल्या पानावर हे २,७०० लिहून नेले आहेत.

आता माझी गोष्ट सांगतो. २०२२ साली एका तपासणी शिबिरात माझी साखर वाढलेली निघाली. मला त्याचे नवल वाटू नये. देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असल्याचे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीने सांगितले आहे. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि आहारतज्ज्ञांकडे धाडले. गेलो तो मनात अढी धरूनच. म्हटले, आयुष्यभर लोकांना पोटभर मिळावे म्हणून भांडलो, आणि आता कोणी तरी मला कमी खा म्हणून सांगणार!

त्या बाईंनी वजन, उंची आणि कमरेचा घेर मोजला. रक्ताचे अहवाल आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी पाहिली. मग विचारले, "काका, काल पहाटे उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत काय काय खाल्लेत? चहासकट सांगा." मी सांगत गेलो, त्या लिहीत गेल्या. चहा आठ कप निघाले. प्रत्येक कारखान्याच्या दारावर एक. नाही म्हणावे तर कामगार दुखावतो. दर कपात दोन चमचे धरले तरी साखर ६० ग्रॅमच्या पुढे गेली. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेप्रमाणे साखर एकूण उष्णतेच्या ५ टक्क्यांच्या आत हवी, म्हणजे २,००० कॅलरींच्या आहारात २५ ग्रॅम.

मग त्यांनी विचारले, "काम काय करता?"

"कामगारांचे."

"ते झाले. पण उभ्याने करता की बसून?"

या प्रश्नाला मी कोणत्याही वाटाघाटीत निरुत्तर झालो नव्हतो इतका निरुत्तर झालो. तरी धीर करून माझे २,७०० त्यांच्यापुढे मांडले. त्यांनी राष्ट्रीय पोषण संस्थेचा २०२० चा तक्ता काढला. मध्यम श्रमाच्या पुरुषाला २,७१० कॅलरी. बैठ्या कामाच्या पुरुषाला २,११०. अवजड श्रमाच्या पुरुषाला ३,४७०. "तुमचा आकडा खोटा नाही, काका," त्या म्हणाल्या, "पण तो तुमचा नाही. तो लाइनवर उभ्या असणाऱ्या मुलांचा आहे. तुम्ही मोटारसायकलवर आणि खुर्चीत असता."

घरी येऊन मी तो तक्ता पुन्हा वाचला, आणि त्यातच मला आमच्या सूत्रातील एक जुनी चूक सापडली. तीन माणसांचा हिशेब असा करतात: पुरुष एक, बायको ०.८, दोन मुले प्रत्येकी ०.६. परंतु तक्त्यात अवजड श्रमाच्या स्त्रीला २,७२० कॅलरी लिहिल्या आहेत. म्हणजे चाकणच्या रस्त्यावर बांधकामाच्या पाट्या वाहणाऱ्या बाईची गरज आमच्या 'पूर्ण' पुरुषाहून रतिभर अधिकच भरते, आणि आम्ही तिला पाऊण-ऐंशीच्या हिशेबात धरीत आलो. शीग उतरविणारा तळहात या वेळी मालकाचा नव्हता, आमचाच होता. एका आहारतज्ज्ञ बाईच्या कागदावरून हे मला वयाच्या पन्नाशीनंतर कळावे, याची लाज वाटली.

आकड्यांचा असा वाद पुण्याला नवा नाही. १९७१ साली वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी देशातील दारिद्र्यावर जो ग्रंथ लिहिला, त्यात माणशी २,२५० कॅलरींची रेषा धरून गरीब मोजले. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे जागतिक अन्न व शेती संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख होते. त्यांचे म्हणणे असे की, एकाच माणसाची गरज दिवसादिवसाला खालीवर होते. सरासरीच्या खाली असलेला प्रत्येकजण उपाशी समजू नये. दांडेकरांनी त्याला उत्तर दिले, आणि हा वाद वर्षानुवर्षे गाजला. आम्हा कामगारांच्या दृष्टीने त्यातील धडा असा की, सरासरी ही धोरणासाठी असते, ताट एकेकाचे असते. सरासरीने एका माणसाचे ताट वाढू नये, आणि एका माणसाच्या काटकपणावरून लाखोंची मजुरी कापू नये.

मग अशा सल्लागाराकडून अपेक्षा काय धरावी? माझ्या अनुभवाने सांगतो. चांगला सल्लागार पहिल्या भेटीत सांगतो थोडे, विचारतो फार. पाळी कोणती, जेवणाची सुटी किती, स्वयंपाक कोण करते, महिन्याला किराणा किती रुपयांचा, हे तो विचारील. माझ्या बाईंनी कॅलरी मोजण्याचे यंत्र दिले नाही. घरच्या वाटीने आणि भाकरीने मोजायला शिकविले. तीन भाकरींच्या दोन, भात वाटीभर, मटकी किंवा डाळ दाट, ताटात भाजी-कोशिंबीर अधिक, दारसभेचा चहा बिनसाखरेचा. बाजरी, शेंगदाणे, ताक, अंडी, म्हणजे जे आपल्या बाजारात मिळते तेच. पंधरा दिवस खाल्लेले वहीत लिहून आणण्यास सांगितले, आणि खोटे लिहिलेत तर फसगत तुमचीच, असेही बजावले. औषधाची एकही गोळी स्वतः बदलली नाही. ते डॉक्टरांचे काम. तीन महिन्यांची साखर दाखविणारी तपासणी तीन महिन्यांनीच करावयाची, कारण रक्तातील तांबड्या पेशींचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असते. आठ दिवसांत चमत्कार मागू नये. माझी साखर हळूहळू उतरली. मधे गणपतीत आणि एका संपाच्या दिवसांत पुन्हा चढली. बाई रागावल्या नाहीत. वही पुढे ओढून पुन्हा सुरुवात केली.

याची दुसरी बाजूही पाहिली आहे. आमच्या संघटनेतील एक कंत्राटी पोरगा, वय सव्वीस, रात्रपाळीला असे. वस्तीतल्या एका 'कोच'ने त्याचे वजन केले, छायाचित्र काढले आणि पिठीचे डबे गळ्यात मारले. डब्यांचे पैसे पगारातून भागेनात, म्हणून पोराने जेवणाचा डबा बंद केला आणि ती पिठी पाण्यात कालवून पिऊ लागला. एका पहाटे तो यंत्रापाशी भोवळ येऊन पडला. हात थोडक्यात वाचला. तीन दिवसांची हजेरी मात्र बुडाली. त्या कोचला दोष देऊन मी मोकळा होऊ शकत नाही. त्या पोराला कारखान्याच्या उपाहारगृहात शिरकाव नव्हता. कायम कामगारांना तो होता. आणि ही गोष्ट मी, त्याचा प्रतिनिधी, दोन वर्षे चालू देत आलो होतो.

२०२१ साली संसदेने संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी जो कायदा केला, त्याच्या अनुसूचीत आहारतज्ज्ञाचा समावेश आहे. 'कोच' हा शब्द मात्र कोणीही पाटीवर रंगवू शकतो. तेव्हा शिक्षण विचारावे; आणि त्याहून महत्त्वाचे, याची मिळकत सल्ल्यावर आहे की डब्यावर, हे विचारावे. जो महिन्यात दहा किलोची हमी देतो, गोळ्या बंद करा म्हणतो, किंवा तुमची पाळी न विचारताच तक्ता हाती देतो, त्याच्या दारातून परत फिरावे.

परंतु एकेकट्याने शहाणे होऊन हा प्रश्न सुटत नाही. आपल्याकडे कष्टकऱ्यांनी भाकरीचे माप स्वतःच्या हाती घेतल्याची उदाहरणे आहेत. पुण्यात हमाल पंचायतीने बाबा आढावांच्या पुढाकाराने १९७४ साली 'कष्टाची भाकर' सुरू केली. मुंबईत प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढून गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांना एकत्र आणले. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम ४६ नेही २५० हून अधिक कामगारांच्या कारखान्याला उपाहारगृह सक्तीचे केले होते, आणि त्याच्या कारभारात कामगारांच्या प्रतिनिधींना जागा ठेवली होती. २०२० च्या संहितेने ही मर्यादा कंत्राटी कामगार धरून १०० वर आणली आहे. खरे सांगावयाचे तर, उपाहारगृह समितीच्या बैठकीत आम्ही आजवर जिलेबी कोणत्या सणाला आणि चहा किती रुपयांना एवढेच बोललो. डाळ किती पातळ, तेल किती वेळा तापविले, रात्रपाळीला ताजे मिळते की दुपारचे उरलेले, हे विचारलेच नाही.

म्हणून आमच्या संघटनेने गेल्या करारापासून तीन मागण्या नव्याने लिहिल्या आहेत. कंत्राटी आणि कायम यांचे ताट एक असावे. उपाहारगृह समितीला वर्षातून दोनदा शिकलेल्या आहारतज्ज्ञाचा सल्ला मिळावा, आणि तो समितीपुढे उघडपणे वाचला जावा. आणि कोणा कामगाराचे वजन किंवा साखर ही त्याची खासगी बाब राहावी. ती कामावर घेण्या-काढण्याच्या कागदात येऊ नये. पहिली मागणी एका कारखान्यात मान्य झाली. उरलेल्या दोहोंवर बोलणी चालू आहेत. तो सव्वीस वर्षांचा पोरगा आता समितीचा सभासद आहे आणि डाळीची पळी तो स्वतः ढवळून पाहतो.

मित्रहो, टेंपलसाहेबांपासून रहाटणीच्या त्या डबेवाल्या कोचपर्यंत माप घेऊन आलेला प्रत्येकजण सांगतो की, हे तुमच्या भल्यासाठी आहे. काहींच्या बाबतीत ते खरेही असते. माझ्या बाईंच्या बाबतीत ते खरे होते. ओळखण्याची खूण आजोबांनी सांगून ठेवली आहे. पायलीकडे पाहू नका, तिच्यावरून फिरणाऱ्या तळहाताकडे पाहा. आणि आपला हात कोणाच्या मापावरून फिरतो आहे, तेही अधूनमधून पाहत जा.